गठाणीची ओटी

आमचे मामंजी रुईच्या गठाणीची ओटी भरत. सासरी निघालेल्या लेकीची भरतात ना, अगदी तश्शी. दिवाळी उलटली, जालन्यातलं कापसाची सरकी काढायचं जीन सुरू झालं, की हंगामातली पहिली गठाण दाबण्याआधी सगळं काम थांबायचं. सरकी काढलेली पांढरीशुभ्र रुई प्रेसच्या पेटीत भरलेली असायची. मग भरघोस मिशांचा हा साठीचा माणूस डोक्यावरचं पागोटं सावरत वाकायचा, रुईला हळदकुंकू लावायचा, वर ओंजळभर गहू, खोबऱ्याची वाटी आणि सुपारी ठेवायचा आणि म्हणायचा, "जा माय. नीट ऱ्हा. जमलं तर ये." पुढे मालकांनी गहू-खोबरं आत जाऊ देणं बंद केलं. तुमच्या रुईत सुपारी निघते, असं मुंबईहून कुणीतरी कळवलं होतं म्हणे. तेव्हापासून मामंजी वरचं सामान उचलून घ्यायचे आणि कुंकू तेवढं आत जाऊ द्यायचे. ओटी बाईनं भरायची असते, असं कुणी हटकलंच तर म्हणायचे, "भरनारी गेली ना बाबा. मंग लेकीला रिकामी धाडू का?"

मी त्यांची सून. लग्न होऊन घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन दोनेक वर्षं झाली होती. मामंजी जिनातलं वाफेचं इंजन चालवायचे म्हणून अख्खा मोहल्ला त्यांना इंजनआबा म्हणे. पण आमचं घर साळ्याचं, विणकराचं. बाहेरच्या खोलीत मागाचा खड्डा तसाच होता. माग उभा होता, धोटा खुंटीला टांगलेला होता, आणि खड्ड्यात मी जळणाच्या गोवऱ्या रचायचे. पहिल्या दिवशी रचल्या तेव्हा मला वाटलं, आता ओरडा बसतो. मामंजी खड्ड्यात डोकावले आणि म्हणाले, "बरं केलंस. कशानं का हुईना, भरला तर."

परवा नातीच्या इतिहासाच्या पुस्तकात प्रश्न होता, युरोपीय साम्राज्यवादाची कारणे व परिणाम लिहा. पोरगी घोकत होती. कच्चा माल हवा, बाजारपेठ हवी, हे कारण. हस्तोद्योग बुडाले, हा परिणाम. आधी कारण, मग परिणाम, कसं अगदी ओळीनं. माझं डोकंच फिरलं. आमच्या घरात आधी परिणाम आला होता आणि कारण काय ते विचारत म्हातारा जन्मभर फिरला. त्याला उत्तर मिळालं असं मला वाटत नाही. मलाही मिळालेलं नाही, म्हणून तर हे सांगत बसले आहे.

माग बसला तो विलायती कापडामुळे, एवढं मामंजींना पक्कं ठाऊक होतं. बाजारात आलेलं ते गुळगुळीत, स्वस्त कापड लोक डोळे झाकून घ्यायचे. साळीवाड्यातले माग एकेक करून थांबले. पण त्याच विलायतेहून आलेल्या इंजनावर त्यांचा जीव होता. पहाटेपासून ते त्याच्याजवळ. तेल घालायचे, पुसायचे, फिरत्या चाकाशी बोलायचे. त्याच्या पोटावर एक पितळी पाटी होती, तिच्यावर इंग्रजी अक्षरं. ती पाटी ते दर शुक्रवारी चिंच लावून घासत. मी एकदा पदर सावरत विचारलं, "मामंजी, यांनीच तर आपला माग बसवला ना?" तर म्हणाले, "त्यांच्या कापडानं बसवला, आन् त्यांच्या इंजनानं जेवू घातलं. आता शिवी देऊ तर कोन्त्या तोंडानं, अन् न देऊ तर कोन्त्या?" त्यांच्या बोलण्यात असा प्रश्न नेहमीच यायचा आणि विचारून झाला की ते जेवायला बसायचे.

माझा थोरला भाऊ, दादा, औरंगाबादला शिकलेला. खादी घालायचा, निजामाच्या पोलिसांचा त्याच्यावर डोळा होता. तो घरी आला की मामंजींना कोण आनंद! एकदा ते त्याला मुद्दाम जिनात घेऊन गेले आणि म्हणाले, "पाव्हणे, ही पाटी वाचा बरं." दादानं वाचली. कुठल्या तरी विलायती गावाचं नाव होतं. मामंजींनी विचारलं, "तिथं कापूस पिकतो?"

"बोंडसुद्धा नाही. थंडी असते."

"मंग माणसं काय करत्यात?"

"कापड विणतात. गावच्या गाव गिरण्या."

मामंजींचा चेहरा असा काही उजळला! "म्हंजे साळीच की वो! आपलेच जातभाई!" आणि लगेच काळवंडला. "मंग जातभाईनं जातभाईचा माग कसा काय बसवला?"

दादानं समजावून सांगितलं. त्यांना कापूस हवा होता, कापड खपवायला गिऱ्हाईक हवं होतं, म्हणून रेल्वे, म्हणून फौज, म्हणून राज्य. मामंजी मान हलवत ऐकत राहिले आणि शेवटी म्हणाले, "कापसासाठी राज्य? कापूस तर आपन इकतच होतो. मागितला असता तर न्हाई का म्हनलं असतं?" दादा हसला. मला हसू आलं नाही. मग मामंजींनी आणखी विचारलं, की इथं राज्य निजामाचं, जुनी छावणी इंग्रजाची, रूळ निजामाचे, इंजन इंग्रजाचं, कापूस परतूर-वाटूरचा, हमाल मंठ्याचे. मग भांडायचं ते कुणाशी? दादा म्हणाला, "दोघांशीही." मामंजी म्हणाले, "मला एकाशीबी जमत न्हाई, पाव्हणे."

आता त्यांच्या पागोट्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ते पागोटं म्हणजे त्यांच्या मागावरून उतरलेलं शेवटचं कापड. पांढरं, बारीक पोताचं, आणि एका टोकाला चार बोटं रुंदीत तांबूस ठिपके. ते ठिपक्याचं टोक मामंजी कानावर तुऱ्यासारखं काढून ठेवत. नवा माणूस विचारायचाच, आबा, डाग पडलाय. त्यावर ते छाती फुगवून सांगत, "डाग न्हाई, खूण हाय ती."

झालं होतं असं. सासूबाई असताना गठाणीची ओटी त्याच भरायच्या. कापूस विलायतेला जातो आणि सूत होऊन परत येतो, हे मामंजींनी ऐकलं होतं. आपल्याकडे पोर नांदायला जाते आणि सणाला माहेरी येते, तसंच हे, असं दोघांनी धरून घेतलं. जीन बंद असलं की मामंजी घरच्यापुरतं विणत, त्यासाठी बाजारात गेले की सुताचा प्रत्येक पुडा उलटासुलटा करून कुंकवाची खूण शोधत. दुकानदार वैतागून जायचे. सासूबाई म्हणायच्या, "अवो, तिथं धूत नसतील का?" आणि एका वर्षी निघाला की हो एक पुडा! वरच्या लडीवर तांबूस ठिपके. मामंजी तो डोक्यावर घेऊन घरी आले. सासूबाई तेव्हा खोकल्यानं अंथरुणाला लागल्या होत्या, तरी उठून बसल्या. एरवी बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, कांड्या ओल्या करून भरतात, पण ती ठिपक्याची कांडी त्यांनी कोरडीच भरली, कुंकू जाईल म्हणून. पागोटं विणून झालं आणि पंधरा दिवसांत त्या गेल्या. त्यानंतर मामंजींनी मागावर हात ठेवला नाही.

पागोटं ते कुणाला धुऊ देत नसत, मलाही नाही. स्वतः विहिरीवर जायचे, ठिपक्याचं टोक डाव्या मुठीत गच्च धरायचे आणि उरलेलं उजव्या हातानं खळाखळा धुवायचे. बायका खो खो हसत. एकदा साबणाचं पाणी मुठीपर्यंत आलं तर बादलीच लाथेनं उडवली, आणि मग घरी येऊन मला म्हणाले, "बादलीला पोचा आला, सूनबाई. माझं चुकलं."

ज्या वर्षी हैदराबादेत सत्याग्रह झाले, त्या वर्षी दादा आमच्याकडे येऊन राहिला. गावाबाहेरच्या एका ज्वारी काढलेल्या रानात विलायती कापडाची होळी करायची, भर दुपारी, दहा-बारा माणसांत, गाजावाजा न करता, असं ठरलं होतं. मामंजींनी आपण होऊन गिरणीची दोन धोतरं काढून दिली. मी माझ्या लग्नातला एक खण दिला. देववत नव्हता, पण दिला. दादा घड्या घालत होता. त्याची नजर मामंजींच्या डोक्यावर गेली. "आबा, हे?"

"हे माझं हाय. मी इनलेलं."

दादानं तुरा दोन बोटांत चोळून बघितला. त्याला सूत कळायचं, चरख्यावर बसायचा तो. म्हणाला, "विणलंय तुम्ही. सूत विलायती आहे."

"सूत तिकडचं, कापूस माझ्या गठाणीतला. हे बघा ना कुंकू."

दादा गप्प राहिला असता तर काय बिघडलं असतं? मी डोळ्यांनी खुणावत होते. पण खरं बोलायची त्यानं शपथच घेतलेली! तो म्हणाला, "आबा, आपला कापूस आखूड धाग्याचा. त्यातून इतकं बारीक सूत निघतच नाही. हा कापूस अमेरिकेचा असेल, नाहीतर मिसर देशाचा. आणि हे कुंकू नाही. पुडा बांधायला लोखंडी पट्टी असते, तिचा गंज आहे."

मामंजी खाली बसले. इंजनासमोर एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस, मी त्यांना असं मटकन बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मंग आमची लेक कुठं गेली?" त्यांनी विचारलं. दादाला ते कळलंच नाही. मी सांगितलं, गठाणीबद्दल विचारतायत. दादा म्हणाला, "काय माहीत, जपानला गेली असेल. गोणपाटासारखं जाड कापड झालं असेल."

दुपारी रानात होळी पेटली. मामंजीही आले, मीही गेले. कपडे एकेक करून पडत होते. माझा खण पडला, जरासा फुलला आणि काळा झाला. मग सगळे मामंजींकडे बघायला लागले. त्यांनी पागोटं उतरवलं. बायको जाताना तिच्या हातानं भरलेल्या कांड्या होत्या त्यात, दुसरं तिचं असं घरात काही उरलं नव्हतं. वाटलं, टाकलं आता.

मामंजी दादाला म्हणाले, "पाव्हणे, तुम्ही शिकलेले. यातलं इंग्रजाचं किती आन् माझं किती, तेवढं येगळं काढून द्या. इंग्रजाचं असंल तेवढं आत्ता जाळतो."

दादा चिडून म्हणाला, "साधी गोष्ट आहे. ते टोक पाण्यात घाला. कुंकू असेल तर जाईल, गंज असेल तर राहील. मग तर खात्री पटेल?"

मामंजींनी ते टोक मुठीत धरलं. आग भडभडत होती. मग म्हणाले, "डाग ऱ्हायला तर तो माझा न्हाई. आन् माझा असला तर ऱ्हायचा न्हाई. धुऊन मला काय घावनार, पाव्हणे?"

त्यांनी पागोटं काखेत मारलं आणि बोडक्या डोक्यानं घराकडे चालू लागले. दादा मागून ओरडला, "गुलामी अंगात मुरलीय आबा तुमच्या!" मामंजी थांबले, वळून म्हणाले, "आसंल," आणि पुन्हा चालू लागले. मला दादाचा संताप आला आणि दादा खरं बोलतोय हेही दिसत होतं. मी कुणाच्या मागे जावं? मी तिथेच उभी राहिले. दोन महिन्यांत दादाला पकडून नेलं. मी त्याच्याशी धड बोललेही नव्हते.

त्यानंतर मामंजी बोडक्या डोक्यानं जिनात जाऊ लागले. आपल्याकडे असं डोकं कधी ठेवतात, सगळ्यांना माहीत. लोक विचारायचे, "आबा, कोण गेलं?" ते म्हणायचे, "कळंना झालंय कोन गेलं ते."

पुढच्या दिवाळीनंतर जीन सुरू झालं. पहिली गठाण तयार, पेटीत रुई भरलेली, बायाबापड्या ताटकळत उभ्या, आणि मामंजी घरीच. जिनातून दोनदा बोलावणं आलं. ते मागाच्या खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसले होते, मी आत स्वयंपाकघरात. तिथूनच त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, लेक म्हून ओटी भरत होतो. ती माघारी येतच न्हाई म्हनत्यात. मंग भरावी का न्हाई?"

माझ्या हातात भाकरीचं पीठ. एवढा मोठा प्रश्न मला कशाला विचारायचा? पण मी त्याच वर्षी माहेराहून परतले होते, आई ओटी भरताना रडली होती, ते आठवलं आणि तोंडून निघून गेलं, "मामंजी, परत येणार म्हणून का ओटी भरतात? जाते आहे म्हणून भरतात."

ते उठले. कपड्यांच्या पेटीतून पागोटं काढून बांधलं आणि गेले. ओटी भरली. पण "जमलं तर ये" हे त्या दिवशी म्हणाले नाहीत, असं जिनातल्या बायांनी सांगितलं. आणि ठिपक्याचं टोक तेव्हापासून त्यांनी आत खोचलं, तुरा म्हणून पुन्हा कधी काढलं नाही. मी सांगितलं ते बरोबर होतं का? भाऊ निजामाच्या तुरुंगात, आणि इकडे मी म्हाताऱ्याला परदेशी निघालेल्या रुईची ओटी भरायला पाठवते! आजही कुणी विचारलं तर मला नीट उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाचं दुर्भिक्ष झालं. रांगेत उभं राहून हातभर तुकडा मिळेना. कुणी म्हणालं, आबा, माग चालवा की, आता काय हवं तेवढं खपेल. मामंजी हसून म्हणाले, "सूत कुठून आनू? अन् सूत आनलं तर खांदा कुठून आनू?" गोवऱ्या काढून मी खड्डा एकदा झाडून ठेवला होता. त्यांनी आत उतरून पाहिलं, मागाच्या पायट्यावर पाय ठेवला, गुडघा वाजला, तसेच माझा हात धरून वर आले.

निजामाचं राज्य गेलं, तेव्हा पावसाळा संपत आला होता. मामंजी अंथरुणाला खिळले होते. मधे एकदा सुटून पुन्हा पकडला गेलेला दादा आता सुटून थेट आमच्याकडे आला. अर्धा झाला होता, दाढी पांढरी. त्यानं वाकून मामंजींच्या पायांवर डोकं ठेवलं. मामंजींनी विचारलं, "पाव्हणे, आता राज कुनाचं?"

"आपलं, आबा."

"मंग औंदा कापूस कुठं जानार?"

"मुंबईला."

"तिथून?"

"तिथेच कापड होईल. आपल्या गिरण्यांत."

"म्हंजे माग बसलेलाच," ते म्हणाले. दादा मान खाली घालून त्यांचं पांघरूण सारखं करू लागला. मी पहिल्यांदाच त्याला असं पाहिलं. मग मामंजींनीच त्याचा हात थोपटला, "ऱ्हाऊ द्या. तुमी लई सोसलं."

चौथ्या दिवशी ते गेले. दादानं खादीचा तुकडा आणला होता, तो अंगावर घातला. डोक्याला काय, असा प्रश्न आला. मी कुणाला न विचारता कपड्यांच्या पेटीतून पागोटं काढलं. सगळे दादाकडे बघत होते. त्यानं पागोटं माझ्या हातातून घेतलं, आणि मला वाटलं, आता हा काही बोलला तर मी त्याला या घरात पाऊल टाकू देणार नाही. पण त्यानं खाली बसून मामंजींचं डोकं मांडीवर घेतलं आणि एकेक फेर नीट बसवत स्वतःच्या हातानं पागोटं बांधलं. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा तो थांबला. टोक फाटलेलं होतं. चार बोटं कापड नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली. त्यानं फाटकं टोक आत खोचून दिलं. मग ते सगळं एकत्रच जळलं, दादाला हवं होतं ते विलायती कापड, सासूबाईंच्या कांड्या, साळ्याचं विणकाम आणि साळी.

ते चार बोटं कापड माझ्या कुंकवाच्या करंड्याखाली घडी करून ठेवलेलं असतं. परवा तीच घोकणारी नात करंडा हुडकताना ते बाहेर काढून म्हणाली, "आजी, काय घाण चिंधी आहे! साबणाच्या पाण्यात टाकू? डाग जातो का बघू." आणि बादलीवर हात नेला. मी इतक्या जोरात ओरडले, की पोरगी रडायलाच लागली. तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, पण चिंधी आधी माझ्या डाव्या मुठीत गच्च धरली.